आप्पांच्या हाताची तपासणी

यंत्राने सकाळीच निकाल देऊन टाकला होता. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा. चौकटीचं माप बरोबर, रंग मर्यादेत, आवाज मर्यादेत, डोळ्यांना त्रास होईल असा लखलखाट कुठे नाही. एवढं सगळं जुळून आल्यावर कुणीही सुटकेचा निःश्वास टाकला असता. पण टेबलाखाली ताईचा पाय हलायचा थांबेना.

ताई एका टीव्ही वाहिनीच्या तपासणी विभागात होती. लोकांच्या घरी जे चित्र दिसतं, ते आधी तिच्या खोलीतून जायचं. खोली कसली, करड्या रंगाचा खोकाच तो. भिंती मुद्दाम करड्या, कारण रंगीत भिंतीसमोर बसलं की डोळे फसतात. दिवा एकच, तोही मॉनिटरच्या मागे. यंत्रांना गारवा लागतो म्हणून भर उन्हाळ्यातही ती स्वेटर घालून बसायची. कामाची रीत ठरलेली होती. आधी यंत्र कार्यक्रमाची फाइल तपासणार, मग माणूस बसून ती डोळ्यांनी पाहणार, आणि दोघांचं एकमत झालं तरच कार्यक्रम पुढे जाणार. ऑफिसात तिला 'चाळण' म्हणत. तिच्या हातून खडा सुटत नाही, असं कौतुकाने म्हणत, आणि ज्यांचे खडे सापडत ते तोच शब्द दात-ओठ खाऊन म्हणत.

आजची फाइल तिच्या भावाची होती. धाकट्याने आप्पांवर, म्हणजे त्यांच्या वडिलांवर, एक छोटी फिल्म केली होती. त्याची पहिलीच. ती आज संध्याकाळी लागणार होती.

ताईने नियमाप्रमाणे साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं. "साहेब, हा माझा सख्खा भाऊ आहे. ही फाइल दुसऱ्या कुणाला द्या."

साहेब हसले होते. "दुसरा कोण आहे? एक रजेवर, एक आजारी. आणि खरं सांगू का, भाऊ आहे म्हणून तू त्याला पास करशील अशी भीती मला नाही. भाऊ आहे म्हणून नापास करशील अशी आहे. बघून टाक."

म्हणून ती बघत होती. आणि एका जागेपाशी आली की नजर चुकवत होती.

ती जागा तिला पाठ होती. आप्पा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. इतर पेंटर खडूची दोरी मारून घेतात आणि मग तिच्यावरून ब्रश फिरवतात. आप्पा दोरी न मारता, एका दमात, पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचे, आणि ती दोरीहून सरळ यायची. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्यांचा हात कापू लागला होता. कप बशीवर वाजायचा. म्हातारपण म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. नातीला, म्हणजे ताईच्या मुलीला, ते रोज ब्रश धरायला शिकवत. ती सदा कागदाच्या मागे फिरायची म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. आप्पा म्हणायचे, "माझा हात नाचतोय म्हणून काय झालं? डोकं कुठे नाचतंय? मी सांगतो, तू ओढ."

मग धाकट्याला माळ्यावर जुनी कॅसेट सापडली. शाळेत असताना मागून आणलेल्या हँडीकॅमवर त्यानेच ते चित्रण केलं होतं. आप्पा अंगणात बसून पाटी रंगवताहेत. त्याने ती एका दुकानातून फाइल करून आणली आणि लॅपटॉपवर सगळ्यांना दाखवली. सगळे चरकले. त्या चित्रात आप्पा तरुण होते, केस काळे होते, आणि हात थरथरत होता. बारीक, पण सारखा.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी ब्रश टर्पेंटाइनने धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. मुंगी रडली तेव्हा एवढंच म्हणाले, "मला वाटत होतं हे आत्ताआत्ताचं आहे. तेव्हापासूनच होतं म्हणजे. मग लोकांनी माझ्या पाट्या कीव करूनच घेतल्या असतील. असल्या हाताने पोरीला काय शिकवू?" त्यानंतर ते खुर्चीत बसत, उठत, खिडकीपाशी जात, परत येत. हातांना काम नसलं की माणूस घरातल्या घरात हरवतो, तसं त्यांचं झालं.

धाकट्याची फिल्म त्या जागेवरच उभी होती. पडद्यावर तो थरथरता हात, आणि वर त्याचा स्वतःचा आवाज: 'हात तेव्हाच कापत होता. आणि आम्ही कुणीही पाहिलं नाही.' ऐकणाऱ्याच्या काळजाला घरं पडावीत असं वाक्य. ताईच्या तर पडलीच होती.

तिने पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली. उठून दारापर्यंत गेली आणि परतली. तपासणी अशी तुकड्या-तुकड्यांनी होत नसते. सगळं सलग पाहावं लागतं. ती बसली, फाइल त्या जागेच्या थोडी आधी नेली आणि चालू केली.

हात आला. तिला बघवेना. डोळे मिटता येत नाहीत, म्हणून तिने नजर हातावरून काढून पडद्याच्या कोपऱ्यात टाकली. तिथे कुंपणाच्या कडेने मांजर चाललं होतं.

मांजराची शेपटी थरथरत होती.

ताईने फाइल थांबवली. मागे नेली. पुन्हा लावली. मांजर चालतंय, आणि चालताना त्याची शेपटी, पाय, पाठ, सगळंच कापतंय. कुंपणापलीकडून एक सायकल गेली, तिची चाकंसुद्धा कापली. कुंपण मात्र स्थिर. पाटी स्थिर. आप्पांचा टेकवलेला गुडघा स्थिर.

"आप्पांचा हात कापतो हे कळलं," ती स्वतःशी म्हणाली, "पण मांजराला काय झालंय?"

पहिली शंका तिने स्वतःच्या डोळ्यांवर घेतली. दिवसभर पडदे बघून डोळे दमतात. कधीकधी रस्त्यावरचे दिवेसुद्धा हलताना दिसतात. दुसरी शंका मॉनिटरवर. तिच्याकडे तपासणीची एक साधी चित्रफीत होती, तिच्यात एक पांढरा चेंडू या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो, बाकी काही नाही. तिने ती लावली. चेंडू लोण्यावरून सरकावा तसा सरकला. डोळे ठीक. मॉनिटर ठीक.

मग तिच्या पायाचं हलणं थांबलं.

ती काय शोधत होती ते समजायला अवघड नाही. टीव्हीचं चित्र आडव्या रेघांचं बनलेलं असतं. अशा जुन्या पद्धतीच्या चित्रणात कॅमेरा सगळ्या रेघा एकदम टिपत नाही. आधी एकाआड एक रेघा टिपतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मधल्या उरलेल्या रेघा टिपतो. दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घालावेत, तशी ही दोन अर्धी चित्रं एकत्र येऊन एक पूर्ण चित्र होतं. यातलं आधीचं अर्धं आधी दाखवायचं आणि नंतरचं नंतर, एवढाच नियम. तो पाळला की चित्र सुरळीत चालतं. पण कुणी चुकून नंतरचं आधी दाखवलं, तर काय होईल? मुलांच्या रांगेतून एक, दोन, तीन, चार असे आकडे यायच्या ऐवजी दोन, एक, चार, तीन असे येतील. पुढे, मागे, पुढे, मागे. जे हलत नाही त्याला काही होत नाही. जे हलतं, ते थरथरतं.

आणि यंत्राला हे कळत नाही. फाइलीवर एक चिठ्ठी असते, 'हे अर्धं आधी' असं सांगणारी. यंत्र डब्यावरची चिठ्ठी वाचतं, डब्यातलं चाखून बघत नाही. धाकट्याची बाकीची फिल्म आणि ही चिठ्ठी जुळत होती. फक्त मध्ये ठेवलेला कॅसेटचा तुकडा उलटा होता. दुकानदाराने कॅसेटची फाइल करताना तिच्यावर चिठ्ठी चुकीची चिकटवली असणार.

ताईने चित्र अर्ध्या-अर्ध्याने पुढे सरकवलं. ब्रश पुढे. ब्रश मागे. पुढे. मागे. जगातला कुठला पेंटर असा रंगवतो?

मग तिने ब्रशच्या मागची रेघ पाहिली. ओली, निळी, नुकतीच ओढलेली. इतके दिवस घरातला प्रत्येक माणूस हाताकडे बघत होता. रेघेकडे कुणी पाहिलंच नव्हतं. ती पाटीभर गेली होती, आणि सुतासारखी सरळ होती.

धाकटा बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. ताईचं तोंड बघून त्याचं तोंड उतरलं.

"नापास?"

"आत ये."

"ताई, तू ना! माझ्या गृहपाठातल्या वेलांट्यासुद्धा तूच मोजायचीस. यंत्राने पास केलंय. यंत्राचं तरी ऐक."

"आत ये म्हटलं ना."

"दुपारच्या आत फाइल गेली नाही तर ते जुना कुठला तरी कार्यक्रम लावतील. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. मी सगळ्या मित्रांना कळवलंय. आप्पांना कळवलंय. आता कुठली वेलांटी चुकली?"

ताईने त्याला खुर्चीत बसवलं. "मांजराकडे बघ," ती म्हणाली.

"मांजर?"

"बघ तर."

त्याने बघितलं. "थोडं हलतंय. मग? जुनी कॅसेट आहे. मांजराच्या शेपटीसाठी कोण तक्रार करणार आहे? फार तर मांजर करेल."

ताईने तुकडा वेगळा काढला, त्यातल्या अर्ध्यांचा क्रम बदलला आणि पुन्हा लावला. खोलीत फक्त पंख्यांची घरघर होती. पडद्यावर मांजर ऐटीत निघून गेलं. आणि आप्पांचा हात, काळे केस असलेल्या आप्पांचा हात, पाटीवरून गेला. पाण्यावरून नाव जावी तसा. थांबला नाही, कापला नाही.

धाकट्याचा हात तोंडावर गेला. मग एकदम उसळून म्हणाला, "मग माझ्या फिल्ममध्ये राहिलं काय? सगळी फिल्म त्या वाक्यावर आहे, ताई! हात तेव्हाच कापत होता. ते काढलं तर मागे उरतो एक पाटी रंगवणारा माणूस."

"मग तो माणूस पुरत नाही का?"

"तुला नाही कळायचं. तू फक्त चुका बघतेस."

"हो," ताई म्हणाली. तिला लागलं होतं, पण आवाज तसाच होता. "चूकच बघते. ही चूक पास केली तर आज संध्याकाळी सगळ्या जगाला सांगितलं जाईल की आप्पांचा हात तेव्हाच गेला होता. लॅपटॉपवर घरातल्या चौघांना सांगितलं तर त्यांनी ब्रश माळ्यावर टाकले."

धाकटा खुर्चीतून उठला, भिंतीपर्यंत गेला. भिंत जवळच होती, लगेच परत फिरावं लागलं. "मीच दाखवलं ना त्यांना ते," तो म्हणाला. आता आवाज बसला होता. "त्यांच्या पुढ्यात ठेवून दाखवलं. वर म्हणालो, बघा आप्पा, तुमचं दुखणं केवढं जुनं आहे ते."

"तुला काय माहीत होतं?"

"तुला माहीत असायला हवं होतं. तू चाळण ना?"

त्या दिवशी घरी ताई चाळण नव्हती, मुलगी होती. मुलगी हाताकडेच बघत बसते.

पुढचा वेळ घाईत गेला. धाकट्याने शेजारच्या खोलीत बसून उलटा तुकडा काढला, सुलटा बसवला, आणि एक डोळा मिटून, दाढ उपटावी तसं ते वाक्य काढून टाकलं. पण वाक्य गेल्यावर तिथे पोकळी राहिली. ताईने ते यंत्रावर घातलं, आणि या खेपेला यंत्राने तांबडी खूण दाखवली.

"आता काय?" धाकटा ओरडलाच.

"आवाज नाही. इतका वेळ निव्वळ शांतता चालत नाही. बघणाऱ्याला वाटतं टीव्ही बिघडला."

"म्हणजे गप्प बसणंसुद्धा नियमात बसत नाही?"

"कॅसेटचा मूळ आवाज कुठे आहे?"

तो त्याने कधीच बंद करून टाकला होता. त्यावर स्वतःचं वाक्य चढवायचं होतं ना. आता त्याने तो उघडला. खरखर, पाखरं, सायकलची घंटा. आणि मग आप्पा, तेव्हाच्या खणखणीत आवाजात: "कॅमेरा हलवू नकोस रे गाढवा. हात स्थिर ठेव. श्वास कोंडून नाही, सोडत सोडत. रेघ श्वासावर ओढायची असते... हड्! रंग खाणार आहेस का?" हे शेवटचं मांजराला.

दोघं भावंडं एकमेकांकडे बघत राहिली. मग धाकटा फसकन हसला आणि हसता हसता बाहीला नाक पुसलं.

यंत्राने हिरव्या खुणा दिल्या. ताईने सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा पाहिलं, एकदाही नजर न चुकवता, आणि पास केलं.

संध्याकाळी घरी मात्र तिच्या जिवाला चैन नव्हती. आप्पांना आधी सांगावं का? सांगितलं तर मुलांनी घातलेली समजूत वाटणार. नाही सांगितलं तर ते बघायलाच बसणार नाहीत. झालंही तसंच. आप्पा टीव्हीकडे पाठ करून खिडकीपाशी उभे राहिले. "तुम्ही बघा. मी पाहिलंय ते एकदा."

"आजोबा, या ना," मुंगी म्हणाली.

"ऐकू येतंय मला इथून."

फिल्म सुरू झाली. धाकटा सोफ्याच्या कडेवर बसला होता, उठायच्या बेतात असल्यासारखा. ती जागा आली. आणि खोलीत तो जुना आवाज घुमला: "कॅमेरा हलवू नकोस रे गाढवा."

आप्पा वळले. आपलाच इतका जुना आवाज अचानक ऐकू आल्यावर कोण वळणार नाही? वळले, आणि पडद्यावरचा हात त्यांनी पाहिला.

तुकडा संपला. आप्पांचा चेहरा कठोर झाला. "मशीनवर सरळ केलंत ना? म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून?"

"नाही आप्पा," ताई म्हणाली. "आधीचं चुकलं होतं. हे खरं आहे."

"तुझ्या ऑफिसात काय वाटेल ते करता येतं. मला माहीत आहे."

ताईने दोन कंगव्यांची गोष्ट सुरू केली. धाकट्याने दुकानदाराला शिव्या घातल्या. दोघं एकदम बोलत होती आणि आप्पा दोघांचंही ऐकत नव्हते. शेवटी ताई गप्प झाली. तिने मुंगीच्या हातातून सेट-टॉप बॉक्सचा रिमोट घेतला, रेकॉर्ड होत असलेलं चित्र मागे नेलं आणि थांबवलं. हात कडेला होता, मध्ये नुसती पाटी.

"हाताचं राहू द्या," ती म्हणाली. "ही रेघ कुणाची आहे, ते सांगा."

आप्पा पुढे आले. चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक पडद्याला लागेल इतकं जवळ नेलं. बोट काचेवर ठेवलं. आजचं बोट, कापणारं. ते निळ्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. जाताना रेघेच्या वर-खाली होत राहिलं, आणि रेघ जागच्या जागी राहिली.

"लॅपटॉपवरसुद्धा ही अशीच होती?" त्यांनी न वळता विचारलं.

"अशीच."

"मग मला कशी दिसली नाही?"

ताई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"हातच बघत बसलो," आप्पा स्वतःशीच म्हणाले. मग पुन्हा वाकून बघितलं आणि नाराजीने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "ब्रश जास्त भिजवलाय. इथे बघ, मुंगी, खालच्या अंगाला रंग जाड झालाय. ओघळला असता. असं करायचं नाही."

"कसं करायचं मग?"

"डब्याच्या काठावर निपटून घ्यायचा." ते बोलून थांबले. मोकळा हात त्यांनी हवेत तसा काठावरून ओढून दाखवला होता. हात कापतच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माळ्याकडे.

"धाकट्या," ते म्हणाले, "शिडी धर. आणि हलवू नकोस."